पाण्यावर जाताना सांगायचं ते

पवनानगर,
सोमवार, ६ जानेवारी २०२५

ती. खालास,

कौसरचा सलाम. वि. वि. इकडे मी ठणठणीत आहे, तिकडे तू आणि तुझं लाल शाईचं पेन दोघंही ठणठणीत असाल अशी खात्री आहे.

फोनवर तुला ऐकू येत नाही, कानात मशीन घालायचं नाव तू काढू देत नाहीस, म्हणून हे पत्र. मारुतीभाऊ जीपवाले म्हणतात की अख्ख्या मावळात हातानं पत्र लिहिणारी मी एकटीच उरले आहे. म्हणून तर लोणावळ्याला जाताना ते पाकीट आठवणीनं नेतात आणि तुझ्या हातचा चहा पिऊनच परत फिरतात. चहात साखर कमी असते अशी त्यांची तक्रार आहे. मी फक्त पोचवली.

आता कामाचं. ऑक्टोबरपासून मी इथे धरणाकाठच्या कॅम्पवर पाहुण्यांचं सगळं बघते हे तुला ठाऊक आहेच. नोकरी एका हंगामापुरती. आमच्या मालकीणबाई, म्हणजे यशोधराबाई, त्यांनी काल मला बोलावून सांगितलं की तेरा तारखेला इंग्लंडहून बारा जणांचा गट येतोय. सगळे साठीच्या पुढचे, पण डोंगर चढणारे आणि होड्या वल्हवणारे. त्यांची पाचही दिवसांची जबाबदारी माझ्यावर. ते खूश होऊन गेले तर मी कायमची, तीही मुख्य गाईड म्हणून. नाही झाले तर एकतीस तारखेला माझा इथला शेवटचा दिवस, आणि मग देहूरोडला अब्बांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसायचं. अब्बांनी माझ्यासाठी खुर्ची पुसूनसुद्धा ठेवली आहे म्हणे. खाला, मला ती खुर्ची नको. मला हे पाणी हवं, समोरचा तुंग किल्ला हवा, रोज नवी माणसं हवीत. आणि ते मी मिळवणारच, बघशील तू.

अडचण एकच आहे. डिसेंबरात एक इंग्रज जोडपं राहून गेलं. त्यांनी यशोधराबाईंना कळवलंय की मुलगी चपळ आहे, हसरी आहे, पण प्रत्येक गोष्ट छातीठोक सांगते. धुकं नऊ वाजता जाईल, किल्ला दिसेल, वाट सोपी असेल, सगळं विल, विल आणि विल. धुकं काही गेलं नाही आणि त्या बाई निसरड्या वाटेवर गुडघ्यावर आपटल्या. आता धुक्यानं माझं ऐकलं नाही यात माझा काय गुन्हा? पण यशोधराबाईंचं म्हणणं असं की काय होऊ शकतं तेही पाहुण्याला सांगायला शीक. होडीत बसण्याआधी तर सांगायलाच पाहिजे: वारा उठू शकतो, होडी उलटू शकते, पाणी इतकं गार असतं की श्वास अडकू शकतो.

बरं म्हटलं. लगेच होड्यांपाशी उभी राहून मी मराठीतच तालीम सुरू केली. तर दत्तोबा! कॅम्पची जमीन त्यांची, होड्या तेच बघतात, मुलगा पप्पू त्यांच्या हाताखाली. ते ऐकून असे भडकले की विचारू नकोस. पान्यावर जाताना असं अभद्र बोलत्यात व्हय, असं म्हणून त्यांनी बायकोला, शालूबाईंना हाक मारली. शालूबाई मीठमोहऱ्या घेऊन आल्या आणि आधी होड्यांवरून, मग माझ्यावरून उतरवून चुलीत टाकून आल्या. मला हसताही येईना, कारण आपल्या घरात तरी वेगळं काय आहे? कुणी नुसतं पडशील म्हटलं तरी अम्मी त्याच्या तोंडावर हात ठेवते आणि अल्ला खैर करे म्हणते.

तू एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलंस. मला ते मे, माइट, कुड नीट लिहून पाठव, म्हणजे पाठ करून मोकळी होते. मला दोन दिवस पुरेत.

तुझी माया आहे तेवढीच राहू दे, ओरडा मात्र थोडा कमी कर.

तुझी
कौसर

*

लोणावळा,
बुधवार, ८ जानेवारी २०२५

चि. कौसर हिस,

ताजुन्निसा खालाचे आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र पोचलं. त्यात शुद्धलेखनाच्या चुका चार, फुशारकीच्या अकरा. मारुतीला सांग की साखर मी माझ्या तब्येतीच्या हिशेबानं घालते.

मशीनबद्दल पुन्हा लिहू नकोस. ते घातलं की शेजारीण काय बोलते ते ऐकू येतं, आणि ते मला ऐकायचं नाही.

आता नीट वाच. विल म्हणजे होणारच, त्याबद्दल तुला काही शिकवायची गरज नाही. मे म्हणजे होऊ शकतं. माइटही तेच, फक्त आवाज थोडा खाली. माझ्या पुस्तकात या दोघांमध्ये मोठी पायरी दाखवली होती, पण बोलताना इंग्रज स्वतःच ती पायरी फारशी मोजत नाहीत. कुड त्याच रांगेतलं: असंही घडू शकेल. कॅन मात्र सांभाळून वापर. इथे दुपारचा वारा उठतो कधीकधी, असा नेहमीचा अनुभव सांगायचा तर कॅन चालेल. आज दुपारी उठू शकतो असं सांगायचं तर माइट किंवा कुड. आणि मे नॉट म्हणजे कदाचित होणार नाही, कॅनॉट म्हणजे शक्यच नाही. या दोघांची गल्लत केलीस तर तुझी गाईडगिरी तिथेच संपली.

पण हे शब्द पाठ करून काही उपयोग नाही, ते कधी वापरतात ते बघ. इंग्रज माणूस सकाळी आभाळाकडे बघतो, इट माइट रेन म्हणतो आणि छत्री घेऊन बाहेर पडतो. त्याला पाऊस नको असतो, पडेल अशी खात्रीही नसते. तो फक्त तयारीत राहतो आणि शेजारच्यालाही तयारीत राहायला सांगतो. धोका आधी सांगणं याला ते लोक अभद्र मानत नाहीत. समोरचा शहाणा आहे, त्याला कळलं तर तो स्वतःला सांभाळेल, असा त्यातला मान आहे. न सांगणारा त्यांना लबाड तरी वाटतो नाहीतर अडाणी.

सोबतच्या कागदावर सहा वाक्यं लिहून दिली आहेत. पहिलं: द विंड माइट गेट अप आफ्टर टू. शेवटचं: इफ यू फॉल इन, होल्ड ऑन टु द बोट. मधली चार तिथेच बघ. एकही वगळू नकोस. दत्तोबा रागावले तर रागावू देत, त्यांचा राग मीठमोहऱ्यांनी जातो. तुझी नोकरी गेली तर कशानंच परत येणार नाही.

जेवण वेळेवर कर. गार वाऱ्यात केस ओले ठेवून फिरू नकोस, सर्दी होऊ शकते. बघ, मीही शिकते आहे.

पत्र येत राहावं, त्यातूनच माया कळते.

तुझी
ताजुन्निसा खाला

*

पवनानगर,
मंगळवार, १४ जानेवारी २०२५

ती. खालास,

सलाम. वि. वि. हे पत्र घाईत लिहितेय, मारुतीभाऊ जीप चालू ठेवून उभे आहेत. खाला, मी माती खाल्ली.

सोमवारचा दिवस इतका छान गेला की मी हवेतच होते. बाराही जण आले. त्यांच्या प्रमुख हेलनबाई, सत्तरीच्या, उंच, करकरीत आवाजाच्या. तू लिहिलंस ते अगदी खरं आहे, ही माणसं उठताबसता माइट म्हणतात. हेलनबाई नाश्त्याला म्हणाल्या की मी कदाचित अजून एक अंडं घेईन, आणि बशी तर आधीच पुढे केलेली! डेव्हिड म्हणून एक आहेत, ते तासभर दुर्बिणीतून एका घारीकडे बघत होते आणि तरी शेवटपर्यंत म्हणत राहिले की ती घार असू शकते. मी त्यांना सांगितलं की ती घारच आहे, मी लहानपणापासून बघतेय. ते हसले आणि वहीत लिहितानाही त्यांनी पुढे प्रश्नचिन्ह काढलं. तुंगाच्या पायथ्याला मी सांगितलं की वरची वाट निसरडी असू शकते, तर सगळ्यांनी मुकाट्यानं काठ्या काढल्या आणि एकजणही पडलं नाही. मला वाटलं, झालं, जिंकले.

आज होड्या. सकाळी शालूबाईंनी होड्यांना हळदकुंकू लावलं होतं. दत्तोबा टोपी हातात घेऊन पाण्याला नमस्कार करत होते. बारा पाहुणे लाइफ जॅकेट घालून रांगेत उभे. तुझा कागद माझ्या खिशात होता, सहाही वाक्यं तोंडपाठ होती. मी तोंड उघडलं आणि दत्तोबांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे गं. नुसतं बघितलं, माझ्यावर विश्वास असल्यासारखं. आणि माझ्या जिभेला ते शब्द उचलेनात. निघालेल्या माणसांना, तेही आपल्या पाहुण्यांना, हळदकुंकवाच्या समोर उभं राहून तुम्ही बुडू शकता म्हणायचं? मी हसून सांगितलं की काही काळजी करू नका, तुम्ही अगदी सुरक्षित असाल.

हेलनबाईंनी विचारलं की होडी उलटली तर काय करायचं. मी म्हटलं उलटणार नाही. त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मीही पुन्हा तेच सांगितलं. मग त्यांनी शांतपणे जॅकेट काढलं, घडी घालून होडीत ठेवलं, मला थँक यू म्हणाल्या आणि तंबूकडे चालू लागल्या. त्यांच्यामागे अकराही जण. एकानंही आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

यशोधराबाई चिडल्या नाहीत, हे त्याहून वाईट. त्या म्हणाल्या की गुरुवारी सकाळी एकदाच पुन्हा विचारून बघू. तेव्हाही हे लोक पाण्यावर गेले नाहीत तर त्या दुसरं माणूस बघतील. खाला, शब्द मला येतात. इंग्रजी मला येतं. दत्तोबांसमोर ते बोलवत नाही, त्याला मी काय करू? त्यांना तिथून हाकलू का? जमीन त्यांची आहे. मला रडू येतंय आणि रडायला वेळ नाही.

उत्तर याच जीपनं पाठव. लोभाचं नंतर बघू.

कौसर

*

लोणावळा,
बुधवार, १५ जानेवारी २०२५

चि. कौसर,

आशीर्वाद. मारुती ओसरीवर बसलाय, म्हणून थोडक्यात.

आधी नाक पूस. आता ऐक. चूक तुझ्या एकटीची नाही, माझीही आहे. एकतीस वर्षं मी फळ्यावर एकच उदाहरण दिलं: इट मे रेन टुमॉरो. एकदा एका मुलीनं आय मे फेल असं वाक्य केलं, तर मी ते खोडलं आणि तिला दुसरं चांगलं वाक्य कर म्हटलं. वर्गात नापास होण्याचं नाव नको म्हणून. म्हणजे मी पावसापुरतंच मे शिकवलं. माणसाला काय होऊ शकतं ते सांगायची वेळ आली की मीही तुझ्या अम्मीसारखीच तोंडावर हात ठेवणारी. तुला सहा वाक्यं लिहून दिली आणि मला वाटलं शिकवून झालं.

दत्तोबांना हाकलायचं नाही, टाळायचंही नाही. त्यांच्याशी वाद तर मुळीच घालू नकोस. आज संध्याकाळी त्यांच्याकडे जा आणि एवढंच विचार की तुम्ही स्वतः पाण्यात जाता तेव्हा होडीत काय काय घेता. एकेक वस्तू हातात घेऊन बघ आणि ती कशासाठी घेता ते विचार. चाळीस वर्षं त्या पाण्यावर काढलेला माणूस मोकळ्या हातानं जात नसणार. तोंडानं जे बोलायचं नाही, ते त्यानं हातानं कधीच करून ठेवलेलं असणार. तू पाहुण्यांना त्याच वस्तू दाखव आणि त्यांची कारणं सांग. म्हणजे तू नवं अभद्र काही बोलणार नाहीस. दत्तोबा रोज करतात तेच इंग्रजीत सांगशील.

एवढं करूनही जमलं नाही तर देहूरोडची खुर्ची आहेच. तिला घाबरू नकोस. पण माझं मन सांगतं की जमेल.

मी दुआ करतेय. नीट जेव.

खाला

*

पवनानगर,
शुक्रवार, १७ जानेवारी २०२५

ताजुन्निसाबाईस्नी,

दत्तोबाचा रामराम. सूनबाई अनिता लिवतीया आन मी सांगतोय, तवा अक्षार तिचं आन चुका माज्या. पत्ता मारुतीकडनं घेतला. बाई, तुमची वळख न्हाई, पन तुमच्या भाचीपायी आज लिवावं वाटलं.

बुधवारी दिवं लागायच्या टायमाला पोर आली. म्हनली, आबा, तुमी जाळं टाकाया जाता तवा व्हडीत काय काय नेता त्ये दावा. म्या दावलं. लांब रस्सी, पाच लिटरचा तेलाचा मोकळा डबा, झाकान घट लावल्याला, एक वल्हं जादा, आन चाकू. तिनं रस्सी उचलली, इचारलं कशाला. म्या म्हनलो, व्हडी वाहवली तर. डबा उचलला, ह्यो कशाला. म्या म्हनलो, मानूस पान्यात पडलं तर धराया. आन मग माजं मलाच ऐकू आलं, का आपून काय बोलाया लागलोय. आतनं शालूबाई हसाया लागली. म्हनली, आता मीठमोहऱ्या कुनावरनं उतरू? म्या लय वरमलो, बाई. पोरीला म्हनलो, तुला बोलायचं त्ये बोल, पन माज्या कानाव नको, मी तिकडं जांभळीखाली जाऊन हुबा ऱ्हातो.

काल सकाळी तिनं गोणपाट आंथरलं, त्याच्याव माज्या वस्तू मांडल्या आन पाव्हन्यांस्नी बोलावलं. एकेक उचलायची आन इंग्रजीत सांगायची. मला इंग्रजी येत न्हाई, पन डबा हातात घेतला तवा काय सांगतीया त्ये जांभळीखालनं बी कळलं. पाव्हनी मानसं गप हुबी ऱ्हाऊन ऐकत व्हती. मंग ती उच्ची म्हातारी सरळ माज्याकडं चालत आली, मागनं कौसर. म्हातारीनं इचारलं, का ह्यो डबा घ्यायला तुमाला कुनी शिकिवलं.

आता काय सांगू? कुनी इचारलंच नव्हतं कदी. म्या सांगितलं, माज्या धाकल्या भावानं, सखारामनं. त्यो बावीस वर्साचा व्हता. टायरची टूब घिऊन जाळं टाकाया गेलता. आईनं सकाळधरनं झाडं हालत्याली बघितलीती. वारं उठंल, जाऊ नको, आसं तिच्या व्हटावर आलतं. पन निगाल्याल्या मानसाला वंगाळ बोलू नये म्हनून तिनं त्वांड मिटलं, भाकर दिली आन म्हनली लवकर ये. त्यो आलाच न्हाई. आई मरस्तवर माज्यापाशी तेवढंच म्हनत व्हती, का मी बोलली न्हाई. तवापासनं डबा माज्या व्हडीत हाय. ह्ये म्या चाळीस वर्सं कुनाला सांगितलं नव्हतं, शालूबाईला बी न्हाई. कौसर इंग्रजीत सांगता सांगता मधीच थांबली. म्या म्हनलो पुढं सांग, पोरी, त्यांस्नी कळू दे.

म्हातारीनं माजा हात दोनी हातात धरला. मंग समदी जॅकिटं घालून व्हड्यांत बसली. बारा म्हंजी बारा.

अडीचच्या टायमाला, माघारी येताना, वारं उठलं, पोरगी म्हनली व्हती तसंच. त्या दुर्बीनवाल्याची आन म्हातारीची व्हडी पालथी झाली. माजा जीव कुटं व्हता त्ये देवालाच ठावं. पन दोगं बी व्हडीला धरून ऱ्हायली, हात वर केला, आन कौसरनं तोंडानं सांगितलं व्हतं तसंच शांत पडून ऱ्हायली. पप्पू आन कौसर रस्सी घिऊन तितं पोचली. पोरीचा रंग उडालता, पन रस्सी तिनं नेमकी टाकली. काठाव आनल्याव म्हातारी दात वाजवत हसत व्हती. शालूबाईनं तिला सोताची घोंगडी पांघरली आन चुलीम्होरं बसिवलं.

बाई, तुमची पोर लय धीराची. म्या तिला बोलू देत नव्हतो, ह्ये माजं चुकलं. आता म्होरं पान्याव जाताना तिनं सांगितल्याबिगर व्हडी सुटनार न्हाई, ह्यो माजा सबूद.

कवा पवनेला आलात तर घराव या. तांदळाची भाकर आन मासं खाऊ घालू. एवढं मनाव घ्यावं.

तुमचा
दत्तोबा
(अक्षर अनिताचं)

*

पवनानगर,
रविवार, १९ जानेवारी २०२५

ती. खालास,

कौसरचे बारा सलाम, प्रत्येक पाहुण्यामागे एक. वि. वि. खाला, मी कायमची झाले! काल गट गेल्यावर यशोधराबाईंनी सहीचा कागद हातात दिला. मी तो तीनदा वाचला आणि मग अनितावहिनीलाही वाचायला लावला, न जाणो माझे डोळे मला फसवत असतील तर.

दत्तोबांनी तुला पत्र पाठवलंय हे मला अनितावहिनीकडून कळलं. काय लिहिलंय ते दोघंही सांगत नाहीत. पण गुरुवारचं सगळं त्यात असणारच, म्हणून मी त्यांना दिसलं नसेल तेवढंच लिहिते. होडी उलटली तेव्हा मला भयंकर भीती वाटली. आत्तापर्यंत मी कुणाला ते कबूल केलेलं नाही. वल्हं मारताना मी मनात अल्लाचं नाव घेत होते आणि डोळे त्या दोन डोक्यांवर होते. ती दोन्ही डोकी होडीला धरून होती. सांगितलं नसतं तर ते दोघं पोहत काठाकडे निघाले असते, असं डेव्हिड नंतर म्हणाले. त्या गार पाण्यात, त्या वयात. ते ऐकून मी तंबूमागे जाऊन पोटभर रडले आणि मग सगळ्यांना चहा दिला.

हेलनबाई निघताना यशोधराबाईंना म्हणाल्या की पुढच्या जानेवारीत आम्ही येऊ शकतो, आणि लगेच पिशवीतून डायरी काढून तारखाही लिहून घेतल्या. वर त्यांनी अट घातली की होड्यांपाशी ही मुलगी आणि ते आजोबा दोघंही हवेत. दत्तोबांना मी हे मराठीत सांगितलं तर त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली आणि होड्यांकडे गेले. त्यांना फार बरं वाटलं होतं, मला कळलं.

अब्बांना फोन केला.  ते म्हणाले की खुर्चीवर अरबाजला बसवतो, तसा तो कामाचा नाहीच. अरबाज माझा भाऊ असून मला त्याची दया आली. अम्मी फोनवर रडली आणि नजर लागू नये म्हणून फोनवरच दुआ पढून फुंकली.

पण एक सांगू? इंग्रजांना सांगणं सोपं होतं. आज सकाळी चिंचवडचं एक कुटुंब आलं, आजी, सून, दोन नातवंडं. त्यांच्यासमोर मी तेच मराठीत सांगायला गेले तर आजींनी मला असं झापलं की बास. काय मेली अवलक्षणी पोर, असंच म्हणाल्या. आपल्या माणसांसमोर जीभ अजून अडखळते. तरी मी सगळं सांगितलं. दत्तोबा माझ्या शेजारी उभे राहिले आणि त्यांनीच डबा वर धरून दाखवला. आजी कुरकुरत का होईना, जॅकेट घालून बसल्या.

आता तू यायचंस. नाही ऐकणार नाही. रविवारी मारुतीभाऊंना तुझ्या दारात पाठवते. सकाळी पाणी अगदी स्थिर असतं, पप्पू वल्हवेल, मी तुझ्यासमोर बसेन. आणि अजिबात घाबरू नकोस. तुला काही म्हणजे काहीच होणार नाही, मी आहे ना. 

तुझ्या येण्याकडे डोळे लावून बसले आहे, मायेत उणं पडू देऊ नकोस.

तुझी कायमची गाईड,
कौसर

*

लोणावळा,
मंगळवार, २१ जानेवारी २०२५

चि. कौसर हिस,

खालाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. अभिनंदन. मी दोन्ही पत्रं एकापाठोपाठ वाचली, तुझं आणि दत्तोबांचं. दत्तोबांच्या पत्रात मी एकही चूक दुरुस्त केली नाही. त्यांच्या आईचं तेवढं मी पुन्हा वाचलं.

माझा ऊर भरून आला आहे हे सरळच लिहिते, कारण समोर असले की मी तुला फक्त ओरडते. तुला शिकवायला निघाले होते, आणि या वयात मीच शिकून बसले.

रविवारी मी येते. मारुतीला सांग की आठ वाजता तयार असेन. दत्तोबांना सांग की तांदळाची भाकरी आणि मासे मी खाणार आहे, काटे काढून देणारं माणूस मात्र शेजारी बसवा.

पण मला काहीच होणार नाही असं तू कशाच्या जोरावर लिहिलंस? मी एकाहत्तर वर्षांची आहे. मला पोहता येत नाही. माझे गुडघे होडीत चढताना दगा देऊ शकतात. अनोळखी बारा जणांना तू सगळं सांगितलंस, चिंचवडच्या आजींची बोलणी खाऊन सांगितलंस, आणि तुझ्या खालाची पाळी आली तर तोंडावर हात ठेवलास? कळतं मला, माझ्यावर जीव आहे म्हणूनच. तुझ्या अम्मीचाही सगळ्यांवर आहे. सखारामच्या आईचाही होता.

आयुष्यभर माझ्या माणसांनी मला एवढंच सांगितलं की काही होणार नाही. तू तसं करू नकोस. रविवारी मला काठावर उभी कर, माझा हात धर, आणि मला काय काय होऊ शकतं ते माझ्या तोंडावर सांग. तुला रडू आलं तरी सांग.

मग मी होडीत पाय ठेवीन.

तुझी
ताजुन्निसा खाला